लाल पेन्सिलीने ओढलेली रेघ

“आणि हिचं डोमिसाइल?” काकूने विचारलं.

“हळू बोला, वहिनी,” बाबा म्हणाले.

नागपूर स्टेशनवर, हावड्याच्या गाडीच्या दारात मी उभी होते. निखिलदादा आमच्या बॅगा सीटखाली ढकलून खाली उतरला होता. तो येणार नव्हता. त्याचं बारावीचं वर्ष होतं, म्हणून तो काकांकडे राहणार होता. माझी नुकतीच दहावी झाली होती, म्हणून मी आईबाबांबरोबर निघाले होते. डोमिसाइल म्हणजे एखादा कागद असेल आणि तो घाईत घरी राहिला असेल, असं मला वाटलं. तेवढ्यात गाडी हलली, आईने डोळ्यांना पदर लावला आणि मी तो कागद विसरले.

बाबा रेल्वेत आहेत. कोलकात्यात गार्डन रीचच्या ऑफिसात त्यांची बदली झाली आणि आम्हाला जवळच क्वार्टर मिळालं. व्हरांड्यातून नदी दिसायची नाही, पण जहाजांचे भोंगे ऐकू यायचे. आईला ते भोंगे आवडत नसत. तिला इथलं काहीच आवडत नसे. सगळ्या वाटणात मोहरी, दारोदार मासळी, आणि शेजारची बौदी, म्हणजे वहिनी, काय म्हणतेय ते कळत नाही. मी सहा महिन्यांत बंगाली बोलायला लागले. भाजीवाला, गॅसवाला, आईचा दाताचा डॉक्टर, सगळ्यांशी मीच बोलायची. एरवी मी चार माणसांत तोंड उघडत नाही, पण दुसऱ्याचं बोलणं इकडून तिकडे पोचवायचं असलं की मला भीती वाटत नाही. नागपूरहून फोन आला की आई प्रत्येकाला सांगायची, “या पोरीमुळे माझं इथे चाललंय.” मला ते ऐकून फार बरं वाटायचं.

मला डॉक्टर व्हायचं होतं. हे मी मोठ्याने फारसं म्हणत नसे, कारण माझे मार्क तसे नव्हते. फिजिक्समध्ये मी कायम काठावर असायची. प्रवेश परीक्षेचा निकाल लागला तेव्हा बाबांनी आकडा पाहिला, चष्मा काढला आणि म्हणाले, “ठीक आहे. प्रयत्न केलास.” देशभराच्या यादीत त्या मार्कांना कुठेच जागा नव्हती. माझीच कुवत कमी पडली, असं मी मानलं.

मग कॉलेज शोधणं सुरू झालं. बारावीचे मार्कही असेच असल्यामुळे दोन याद्यांत नाव नव्हतं. तिसऱ्या यादीत सियालदहजवळच्या एका कॉलेजात झूलॉजी मिळालं. तिथल्या ऑफिसातल्या म्हाताऱ्या बाबूंनी माझा चेहरा पाहिला असावा. इथे मुलीला लाडाने मा म्हणतात. घे झूलॉजी, मा, ते डॉक्टरीच्या शेजारचंच घर आहे, असं ते बंगालीत म्हणाले. बाबांना कळलं नाही. त्यांनी मला विचारलं, काय म्हणतायत? मी सांगितलं, फोटो दोन लागतील म्हणतायत.

त्याच आठवड्यात ऋचाचा फोन आला. नागपूरच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. तिला डेंटलला सीट मिळाली होती. मी अभिनंदन केलं, मग मार्क विचारले. तिचे माझ्यापेक्षा कमी होते. मला वाटलं ती मस्करी करतेय. ती म्हणाली, “अगं, स्टेटच्या यादीतून मिळाली. तू स्टेटमधून का नाही भरलास?”

फॉर्म सगळे बाबांनीच भरले होते. दुसऱ्या दिवशी कॉलेजसाठी दहावीचं मार्कशीट हवं होतं, म्हणून मी बाबांचं कपाट उघडलं. बाबांनी दादाच्या आणि माझ्या वेगळ्या फायली केल्या आहेत. माझ्या फाइलमध्ये तळाशी प्रवेशाच्या नियमांचं एक प्रिंटआउट होतं. राज्याच्या वाट्यातली मेडिकल किंवा डेंटलची सीट हवी असेल, तर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली पाहिजे, या वाक्याखाली लाल पेन्सिलीने रेघ ओढलेली होती. ऑफिसातल्या कागदांवर बाबा ओढतात तशी, पट्टी लावून. बंगालच्या वाट्यासाठी इथे कित्येक वर्षं राहिलेलं असावं लागतं. त्या वाक्याखालीही रेघ होती. म्हणजे मी ना इकडची होते, ना तिकडची. कागदाच्या कोपऱ्यात छापल्याची तारीख होती, आम्ही नागपूर सोडलं त्याच्या आधीच्या महिन्यातली. आणि खाली बाबांच्या अक्षरात दोन ओळी:

निखिल – नागपूर.
शमू – सोबत.

मी कागद होता तसा ठेवला. मार्कशीट घेतलं आणि कपाट लावलं.

तीन दिवसांनी मी आईला विचारलं. ती कोथिंबीर निवडत होती. तिने मान वर केली नाही. म्हणाली, “तुझे मार्क बघून वाटलं नाही गं, तू तिथवर जाशील असं.” मग देठं बाजूला सारत म्हणाली, “आणि मी इथे एकटी काय केलं असतं?”

मला राग यायला हवा होता, तो कोथिंबिरीच्या त्या जुडीपाशीच अडकला. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे हृदयाचे सगळे भाग मला इंग्रजीत येतात, पण मराठीत भांडता येत नाही. आमच्या घरी कुणी भांडतच नाही. सगळे हळू बोलतात. बाबांशी तर मी त्या विषयावर बोललेच नाही. त्यांनी मला कोलकात्यात आणलं याचं मला तितकं वाटत नाही. मी नापास होणारच, हे त्यांनी माझी परीक्षा व्हायच्या दोन वर्षं आधी ठरवलं, आणि निकालाच्या दिवशी ‘प्रयत्न केलास’ म्हणाले, हे मला विसरता येत नाही.

प्रॅक्टिकलला मलाही पांढरा कोट लागतो. पहिल्या महिन्यात तो हातावर टाकून मी बसमध्ये बसले होते. शेजारच्या आजींनी विचारलं, तू डाक्तार ना? आणि पिशवीतून ब्लडप्रेशरच्या गोळ्यांचं पाकीट काढून दाखवलं. रिकाम्या पोटी घ्यायची की जेवून? मी पाकिटावर लिहिलेलं वाचून सांगितलं. नाही म्हणायला हवं होतं. सियालदहला उतरल्यावर मी कोट घडी करून बॅगेत घातला, तेव्हापासून बसमध्ये तो बॅगेतच असतो.

नागपूरच्या घरात आता भाडेकरू आहेत. इथे वर्गात मला सगळे बॉम्बेवाली म्हणतात. मी मुंबईत आयुष्यात चार दिवस राहिले असेन. तरी त्या म्हाताऱ्या बाबूंना माझं नाव पाठ आहे. पाऊस असला की ते मला थांबवून सांगतात, आज लवकर नीघ, मा, बस मिळणार नाही. परीक्षा पुन्हा देणार का, असं ऋचा विचारते. ते मी तिला सांगितलेलं नाही, इथेही सांगत नाही.

गेल्या महिन्यात बाबांची बदली झाली. पुन्हा नागपूर. आई किती दिवसांनी स्वयंपाक करताना गुणगुणत होती. काकूला फोनवर सांगत होती, शमूचं काय, तिकडे दुसऱ्या वर्षाला कुठेतरी घेतीलच. मी दारातच उभी होते.

त्या संध्याकाळी बाबा माझी फाइल घेऊन टेबलाशी बसले. मला हाक मारली. लाल पेन्सिल कानावर होती.

“कॉलेजातून दाखला कधी मिळेल, शमू?”

आई ओट्यापाशी थांबली. माझा आवाज मला हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला.

“मी दाखला काढणार नाही, बाबा. दादाला तिथे ठेवलंत, तसं मला इथे ठेवा. या वेळी नियम मी वाचले आहेत.”