तारुण्याची झोपडी

माझे वडील कुंभकोणमला वकिली करीत. साठीच्या शांतीला रिवाजाप्रमाणे त्यांनी आईच्या गळ्यात दुसऱ्यांदा ताळी, म्हणजे तिकडचं मंगळसूत्र, बांधली आणि त्यानंतर त्यांना आणखी साठ वर्षं हवीशी झाली. मी तेव्हा मद्रासच्या एका वर्तमानपत्रात होतो. युरोपात माकडांच्या ग्रंथी बसवून म्हाताऱ्यांना तरुण करतात, असल्या बातम्या ते आमच्याच पानांत वाचत. माकड त्यांना चालणार नव्हतं. कायाकल्प चालत होता.

कायाकल्प करणारा वैद्य पट्टीश्वरमच्या वाटेवर राही. नारळीच्या बागेत त्याने बिनखिडकीची झोपडी बांधली होती. तिच्यात शिरलेला माणूस पुन्हा गर्भात गेला असं मानायचं. उजेड नाही, बायकोचं तोंड पाहायचं नाही, पाणी नाही. फक्त दूध, मध आणि पाऱ्याची पूड. वडिलांना मधुमेह होता. मध म्हणजे विष, असं इस्पितळातल्या डॉक्टरने स्वच्छ सांगितलं. मद्रासला नवी इंजेक्शनं मिळतात, हेही सांगितलं. वडील म्हणाले, "तो मला जगवील. हा तरुण करील."

आई रोज दूध नेऊन दाराबाहेर ठेवी आणि परते. एका दुपारी आतून वडिलांचा आवाज आला, "पाणी." तिने दार ढकललं आणि तांब्याने पाणी पाजलं. ते पीतच राहिले. बैलगाडीतून इस्पितळात पोचेपर्यंत शुद्ध गेली होती. ती परत आली नाही.

तेराव्याला वैद्य जेवायला आला. पानावर बसून म्हणाला, "काय करणार? गर्भ पिकत आला होता. बाईंनी पाणी पाजलं." पंगतीतल्या वकिलांनी, मास्तरांनी माना हलवल्या. माझा बी. ए. झालेला चुलतभाऊ उठून आत गेला.

"काकी, खरंच पाजलंत?"

"पाजलं. दारात आलेल्या कुत्र्यालाही पाजतो आपण."

मद्रासला परतून मी सगळा प्रकार लिहिला. संपादकांनी तो छापला. त्याच पानावर खाली ताकदीच्या गोळ्यांची जाहिरात होती. कुंभकोणमात परिणाम शून्य. वैद्याला पुढचं गिऱ्हाईक मिळालं: वडिलांचे स्नेही, निवृत्त हेडमास्तर. त्यांनाही मधुमेह. आई त्यांना सांगायला गेली, तेव्हा ते ओसरीवरूनच म्हणाले, "वहिनी, तुमच्या हातून झालं ते झालं. आमच्या घरात शिस्त आहे."

त्यांच्या गृहप्रवेशाच्या, म्हणजे झोपडीप्रवेशाच्या मुहूर्ताला नादस्वरम, म्हणजे तिकडची सनई, लावलं होतं. आई मोकळ्या कपाळाने झोपडीच्या दारात जाऊन उभी राहिली.

"अहो, बाजूला व्हा!" वैद्य ओरडला. "ऐन मुहूर्ताला विधवा समोर!"

"म्हणूनच आले," आई म्हणाली.

मुहूर्त मोडला. वैद्याने दुसरा काढला. आई त्यालाही हजर. तेव्हा हेडमास्तरांची बायको घाबरली आणि नवऱ्याला घरी घेऊन गेली. पुढे मुलाने त्यांना मद्रासला नेऊन इंजेक्शनं सुरू केली.

डॉक्टरचं ज्ञान, माझा छापील मजकूर, माझ्या वडिलांचं प्रेत: यांतल्या कशालाही त्या शिकलेल्या गावाने जुमानलं नाही. आईच्या कपाळाला मात्र ते भ्यालं.

हेडमास्तर हयात आहेत. सकाळी कावेरीवर जाताना आई समोरून आली, तर ते रस्ता बदलतात.