दोन लाटांमधली ओळ

माझ्या मावशीचा नवरा जमीन मोजणीचे वर्ग चालवायचा. जगासाठी तो सर, आणि मावशीसाठीसुद्धा सरच. "सर जेवायला बसलेत," असं ती आपल्याच नवऱ्याबद्दल सांगायची आणि मला तिडीक यायची.

सरांना टिपणं लिहायची हौस, ती नीट मांडायचा मात्र कंटाळा. एका विद्यार्थ्याने त्यांना मार्कडाउन, म्हणजे साध्या खुणांनी मजकूर मांडायची पद्धत, शिकवलं. मग काय, फोनवर साधा मजकूर बडवायचा, मथळ्याआधी हॅश, ठळक शब्दांच्या दोन्ही बाजूंना चांदण्या, आणि फाइल मावशीला पाठवून मोकळं व्हायचं. ती प्रोग्रॅममधून काढणं, समास लावणं, तक्ते सरळ करणं, छापणं, तपासणं हे सगळं मावशीचं. प्रिंटर स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी होता. अकरा वर्षं हे चाललं आणि लोक म्हणायचे, सरांचं काम कसं स्वच्छ असतं!

नको झालेली ओळ सर खोडत नसत. तिच्या मागेपुढे दोन-दोन नागमोडी खुणा टाकायचे. मावशी त्यांना लाटा म्हणायची. लाटांमधलं सगळं तिने आधीच काढून टाकायचं, हा सरांचा नियम. नाही काढलं तर प्रोग्रॅम ती ओळ मधोमध आडवी रेघ मारून छापायचा. एकदा तसं झालं, तेव्हा सरांनी अख्ख्या वर्गासमोर तिला विचारलं होतं, "डोळे गहाण टाकलेत का?"

साठीला सरांनी टिपणांचं पुस्तक काढायचं ठरवलं. मावशीने मला हळूच विचारलं, "आभारात मी असेन ना गं?"

"तू नसशील तर कोण असणार?" मी म्हटलं. चार महिने ती त्या एका ओळीच्या आशेवर राबली.

आभाराचं पान आलं तेव्हा मी तिच्या शेजारीच होते. मुद्रक, जुना मित्र, वर्गाचा झाडूवाला, सगळे होते. शेवटी लिहिलं होतं, 'आणि माझी पत्नी, जिने यातलं प्रत्येक पान तयार केलं.' दोन्ही बाजूंना लाटा.

"सर, ही ओळ..."

"घरच्या माणसाचे कसले आभार? काढ ती." सरांनी पेपरातून मानही वर केली नाही.

मावशी "बरं" म्हणाली. आणि तिने ओळ काढली नाही. मी पाहिलं आणि गप्प बसले. खोटं कशाला सांगू, मला आनंदच झाला होता.

प्रकाशनाला तीनशे प्रती आल्या. पहिल्या रांगेत कुणीतरी ते पान उघडलं आणि कुजबुज मागे सरकत आली. बायकोच्या ओळीवर आडवी रेघ! आता सरांची चांगली जिरणार, असं मला वाटलं. सरांनी पान बघितलं, माइक ओढला.

"अकरा वर्षांत हिच्याबद्दल एक ओळ लिहिली, तीही हिला धड छापता आली नाही!"

सभागृह खदखदून हसलं. टाळ्या पडल्या. मावशीही हसली, आणि ते हसणं मी तिला अजून माफ केलेलं नाही.

'दुरुस्त करून पाठवतो' म्हणत सरांनी प्रती परत गोळा केल्या. दुसऱ्या दिवशी खोकी स्वयंपाकघरात आली, वर काळं पेन.

"एकूण एक बुजव," सर म्हणाले.

दोन दिवस ती पट्टी लावून बुजवत होती. "फेक ते पेन!" मी ओरडले.

"टेबल हलवू नकोस, रेघ वाकडी जाते."

निघताना तिने मला दारात अडवलं. "दोनशे नव्व्याण्णव झाल्या. तुझ्या पिशवीत एक आहे."

"ती मी देणार नाही."

"दे गं. सर मोजतील."

मी दिली. तिने पान उघडलं, ओठ हलवत ती ओळ एकदा वाचली आणि पट्टी ठेवली.