बनियनवर घेतलेलं माप

न्यूझीलंडच्या बर्फात हरणाच्या शिकारीला जाणाऱ्या माझ्या मेहुण्याचं, शिरीषचं, माप मी सिंगापुरातल्या मरीन परेडच्या आमच्या फ्लॅटमध्ये, त्याला बनियनवर उभं करून घेतलं.

माप बंदुकीच्या दस्त्याचं. दस्ता म्हणजे खांद्याला टेकतो तो भाग. शिरीषच्या जुन्या रायफलचा दस्ता त्याला आखूड पडायचा. त्यात न्यूझीलंडमधले त्याचे शेजारी इतकी वर्षं त्याला शिकारीला न्यायचे ते चहाचा थर्मास उचलायला. यंदा पहिल्यांदाच "तूही बंदूक आण" म्हणाले होते. सुट्टीत आमच्याकडे आलेला असताना बिचारा हे माझ्यासमोर बोलून बसला.

मी सेम्बावांगला जहाजांची इंजिनं दुरुस्त करतो. बंदूक जन्मात धरलेली नाही, त्यामुळे माझी मतं ठाम होती. लॅपटॉपवर दस्ते बघायला बसलो. पहिला अक्रोडाचा, वर वेलबुट्टी कोरलेली.

"हा रुखवतात मांडायचा," मी म्हणालो.

दुसऱ्याला अंगठा घालायला भोक. "अंगठा कुठे ठेवायचा हे ज्याला भोक पाडून सांगावं लागतं, त्यानं घरी बसावं."

तिसऱ्याची लांबी हवी तशी कमी-जास्त होत होती, गालाखालची पट्टीही वर-खाली होत होती.

"भावोजी, हा बरा वाटतोय," शिरीष म्हणाला.

"दस्ता आहे की ऑफिसची खुर्ची?" (माझी ऑफिसची खुर्ची मला आजतागायत खाली करता आलेली नाही, तो भाग वेगळा.) "माप नीट घेतलं की हे स्क्रूचे चोचले लागत नाहीत."

म्हणून अखंड लाकडाचा, मापानुसार कापून मिळणारा निवडला. बंदुकीचे कायदे इतके कडक, की सिंगापुरात खेळण्यातली बंदूक घेऊनसुद्धा खिडकीत उभं राहायची माझी छाती नाही, तेव्हा शिरीषच्या खांद्याला फरशी पुसायचा मॉप लावला. त्याचा कोपर काटकोनात वाकवून टेपनं मोजलं, गाल दांड्यावर टेकवला, पुन्हा मोजलं. तो घामानं निथळत होता.

"बाबा, मामा मेल्टिंग ऑलरेडी लाह," सोफ्यावरून लेक तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

"अरे, त्याला पंख्याखाली तरी उभा कर," माझी बायको मंजिरी म्हणाली. "आणि तुला यातलं काही कळतं का?"

"मिलिमीटरमध्ये कळतं."

दस्ता परस्पर शिरीषच्या घरी पोचला. शिकारीनंतर त्याचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी कौतुक ऐकायला मुद्दाम मंजिरीला शेजारी बसवलं.

"भावोजी, आत थर्मल, वर दोन स्वेटर, त्यावर जाड जॅकेट," शिरीष थंड आवाजात म्हणाला. "हरीण समोर आडवं उभं. मी बंदूक उचलली, तर दस्ता काखेतच अडकला. दुसऱ्यांदा उचलली, तर जॅकेटच्या खिशात घुसला."

"मग?"

"मग जॅकेट काढायला लागलो. हरीण बराच वेळ बघत होतं. कंटाळून गेलं."

"आणि शेजारी?"

"पुढच्या वेळी मी थर्मासच आणावा म्हणाले."

मंजिरी कपाळाला हात लावून बसली. मी कपड्यांच्या जाडीविषयी काही शास्त्रीय बोलणार, तेवढ्यात शिरीषच्या मागून सासूबाईंचा चेहरा स्क्रीनवर आला.

"माझा तुमच्यावर अजिबात राग नाही हो, जावईबापू," त्या म्हणाल्या. "तुमचं ऐकणाऱ्यावर आहे."