मोटर मी चालू केली

खून केला असं सांगत कोणी ठाण्यात आलं, की नाना हवालदार आधी चष्मा काढायचे, तो रुमालानं सावकाश पुसायचे आणि विचारायचे, "त्या दिवशी काय जेवला होतास?"

मी तिथं नवा असताना मला हे वय झाल्याचं लक्षण वाटलं होतं. समोरचा माणूस खुनाबद्दल बोलतोय आणि हे त्याच्या भाजीची चौकशी करतायत. मी नवा होतो म्हणजे तरुण होतो असं नाही. चाळिशी उलटल्यावर बदली होऊन अमळनेरकडच्या त्या लहान ठाण्यात आलो होतो. टायपिंग बरं म्हणून मला रायटर केलं होतं, म्हणजे जबाब लिहून घेणारा. जळगावला कॉलेजात असताना कथास्पर्धेत मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं होतं. ही गोष्ट मी पहिल्याच दिवशी नानांना सांगितली. तेव्हापासून ते मला लेखकराव म्हणायचे. मी ते कौतुक समजायचो.

नाना धुळ्याहून रोज एसटीनं यायचे. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. डब्यात कळण्याची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा, तोही दोघांना पुरेल एवढा. जेवणाच्या प्रश्नाचं कारण त्यांनी मला एकदा सांगितलं. "जो खरंच करून येतो त्याला तो दिवस बठ्ठा, सगळाच्या सगळा आठवतो, भाकरीसकट. जो ऐकून येतो त्याला नुसता खून आठवतो." जागेवर नेताना ते आरोपीला पुढे घालत नसत. स्वतः पुढे चालायचे आणि मुद्दाम चुकीच्या वाटेला वळायचे. खरा माणूस मागून म्हणायचा, साहेब, इकडून. खोटा गुपचूप मागे यायचा. साहेब लोकांना कबुलीचा आनंद व्हायचा. नाना म्हणायचे, "कबुली आली म्हणजे आपलं काम वाढलं."

देविदास आला तो त्याच्या थोरल्या भावाच्या खुनानंतर तिसऱ्या दिवशी. भाऊ भगवान भरदुपारी विहिरीजवळ डोक्यात घाव बसून मेलेला सापडला होता. पहार शेजारीच पडली होती. देविदासनं हात जोडले आणि एवढंच म्हणाला, "मन्हा भाऊले मीच मारं."

नानांनी चष्मा पुसला आणि जेवणाचं विचारलं. देविदास गोंधळला. मग म्हणाला, कापसाच्या जिनिंगच्या गेटवर भजी खाल्ली. नानांनी मान हलवली. तेवढ्यात त्यांना बंदोबस्ताला बोलावणं आलं. पुढचा जबाब माझ्यावर सोपवून ते गेले.

आता मी काय केलं ते सांगतो. देविदास बोलेना. कसं मारलं विचारलं की खाली बघायचा. मला त्याची दया आली आणि माझ्या अर्धवट पानाचीही. मी विचारलं, पहारीनं? त्यानं मान हलवली. ओरडणं कोणाला ऐकू कसं नाही गेलं? गप्प. मी म्हणालो, मोटर चालू असेल. त्यानं पुन्हा मान हलवली. मग मी मन लावून लिहिलं, ‘विहिरीवरील मोटरच्या आवाजात माझ्या भावाची शेवटची हाक विरून गेली.’ हे वाक्य मी दोनदा मोठ्यानं वाचलं. भज्यांचं वाक्य काढून टाकलं. खुनाच्या जबाबात भजी शोभत नाहीत असं माझं साहित्यिक मत पडलं.

साहेब खूष झाले. देविदासला कोठडी मिळाली.

नाना परतले आणि त्यांनी जबाब वाचला. मग विचारलं, "लेखकराव, मोटरचं हा बोलला, की तू?"

मी म्हणालो, "तोच बोलला, नाना."

का म्हणालो? वाक्य चांगलं झालं होतं, आणि साहेबांनी पाठ थोपटली होती. इतकं स्वस्त कारण होतं. तेव्हाच खरं बोललो असतो तर नाना त्याच संध्याकाळी साहेबांना सांगू शकले असते. माझ्या ‘तोच’मुळे साहेब त्यांना ऐकवत राहिले, एवढं तपशिलात सांगितलंय, आणखी काय पाहिजे?

नाना एकटेच वीज उपकेंद्रात गेले. त्या आठवड्यात त्या भागातल्या शेतीला रात्रपाळीची वीज होती. दुपारी मोटर चालणं शक्यच नव्हतं. मग विहिरीवर जाऊन त्यांनी खाली वाकून पाहिलं. मी जी मोटर एवढ्या सुंदर वाक्यात चालू केली होती, तिची केबलच कापून नेलेली होती. आम्ही सगळे मृतदेहाकडे बघत राहिलो होतो, विहिरीत कोणी डोकावलंच नव्हतं. वीज नसताना केबल कापणारे चोर येतात, हे तिथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक होतं. भगवाननं त्यातल्या एकाला पकडलं होतं आणि त्यानंच पहार घातली होती. धुळ्यातल्या एका भंगारवाल्याकडे जाळलेलं तांबं मिळालं आणि त्यावरून माणूस मिळाला. जिनिंगच्या गेटवरच्या कॅमेऱ्यात खुनाच्या दुपारी देविदास कापसाच्या ट्रॅक्टरवर बसून कागदातली भजी खाताना दिसला.

मग तो कबूल का झाला? बांधावरून दोघांचं भांडण झालं होतं आणि आदल्या दिवशी तो भावाला म्हणाला होता, तू मरशील तर बरं. भाऊ गेल्यावर आईनं सगळ्यांसमोर त्याला म्हटलं, "तूच खादं मन्हा लेकले." त्याला ते पटलं होतं.

तो सुटला तेव्हा भावाचा दहावा आदल्याच दिवशी होऊन गेला होता. पिंड दुसऱ्याच कोणी ठेवला होता. नाना त्याला एसटीत बसवून आले आणि त्या दिवशी डबा न उघडता परत घेऊन गेले.

मी मात्र जेवलो. आणि गप्प राहिलो, सहा वर्षं.

गेल्या वर्षी नाना अंथरुणाला खिळले. मी धुळ्याला गेलो, पलंगाशी बसलो आणि सांगून टाकलं, "नाना, ती मोटर माझी होती."

त्यांनी उशीजवळचा चष्मा चाचपला आणि चादरीनं पुसू लागले. "त्या दिवशी काय जेवला होतास?"

"तुम्ही तुमचा डबा मला देऊन बंदोबस्ताला गेला होतात. कळण्याची भाकरी. ठेचा तिखट झाला होता. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या."

"मग खरं शे," नाना म्हणाले. चष्मा डोळ्यांवर चढवत म्हणाले, "मला माहीत होतं. देविदासला एवढं लांब वाक्य कुठून येणार? मी वाट बघत होतो, तू स्वतः सांगशील म्हणून. पण आता चुकीच्या माणसापुढे बसलायस, लेखकराव."

तिथंही मी, खोट्या आरोपीसारखा, चुकीच्याच वाटेनं गुपचूप त्यांच्या मागे आलो होतो.

पुढच्या महिन्यात नाना गेले. त्यांच्या दहाव्याला घाटावर हात जोडले आणि तिथूनच एसटीनं देविदासच्या गावी गेलो. तो खळ्यात होता. त्याची आई ओट्यावर बसली होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं: मोटर, भजी, ‘तोच’. वाटेत तयार केलेली चांगली वाक्यं एकही आठवली नाहीत.

देविदासनं हातातलं सूप खाली ठेवलं. म्हातारीनं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"जेवनात का?" त्यानं विचारलं.

संकोचानं हो म्हणणार होतो, पण खरं तेच उत्तर दिलं. नाही म्हणालो.