चारीवार यादी

खतं-बियाणं विकणाऱ्या कंपनीत मी वीस वर्षं काढली. त्यातली बरीचशी वर्षं मी स्वतःला सज्जन समजत होतो. आता जमत नाही.

हडपसरच्या पलीकडे, कालव्याच्या काठाला आमचे एक डीलर होते. मी त्यांना काका म्हणायचो. डीलरशिप मीच दिलेली. तेव्हा आमची एक रीत होती: दुकानातल्या बाकावर अख्खा दिवस बसायचं आणि लोक काय मागतात ते ऐकायचं. काकांकडे लोक कीड लागलेलं पान घेऊन यायचे. काका ते पान उलटं करून बघायचे आणि म्हणायचे, "फवारू नको. आपसूक जाईल." दुकानदार असून असं बोलणारा माणूस! मी त्याच दिवशी फॉर्म भरून घेतला.

मग कंपनीत परदेशी भागीदार आला. सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांतलं ऑफिस काचेच्या इमारतीत गेलं, टेबलाटेबलावर कॉम्प्युटर आले आणि एक नवे मॅनेजर आले. त्यांनी शेत बहुधा विमानातूनच पाहिलं असावं. त्यांना डेटा हवा होता. प्रत्येक डीलरकडून शेतकऱ्यांची यादी आणा, म्हणाले.

"डीलरला काय सांगू?"

"मेळाव्याचं आमंत्रण द्यायचंय म्हणून सांगा." आणि पुढे अगदी सहज म्हणाले, की काकांच्याच रस्त्यावर कंपनी स्वतःचं दुकान काढतेय.

मी काही दुधखुळा नव्हतो. यादी दिली की काकांचं दुकान बसणार, हे मला तिथेच कळलं. पण एरिया मॅनेजरची जागा रिकामी होती, वारज्यात फ्लॅट पाहून ठेवला होता. मी मान डोलावली.

मेळाव्याचं सांगून यादी मागितली, तर काकांनी वही उघडलीच नाही. तीन दिवस सगळं तोंडी सांगितलं, आणि तेही गावाप्रमाणे नाही, चारीप्रमाणे. कालव्यातून फुटलेली एकेक चारी धरायची, आणि तिचं पाणी ज्या क्रमानं शेतात जातं त्या क्रमानं माणसं. "ह्यांचं नुसतं नाव घालू नका साहेब, राग येतो. बोरीखालचे तात्या म्हणा." "हितं पत्र बाईंच्या नावानं धाडा, कारभार त्यांचाच हाय." मी हावरटासारखा लिहीत होतो. काकू मधूनमधून चहा आणून ठेवत होत्या. काका खुशीत होते. "एवढ्या माणसांना बोलावताय, म्हंजे आमच्या दुकानाचा मानच की!" मी चहाचा कप उचलला. दुसरं काय करणार होतो?

मेळावा झाला तो नव्या दुकानाच्या उद्घाटनाचा. काकांच्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर. पत्रं मीच लिहिली होती, 'बोरीखालचे तात्या' वगैरे सगळं जसंच्या तसं. माणसं लोटली. शेवटच्या रांगेत बसलेल्या काकांना जो तो येऊन सांगत होता, "असं पत्र तुमच्याबिगर कोण लिवणार? तुमी बोलावलं म्हणून आलो. दुकान झ्याक वाढवलंत!" सगळ्यांना वाटलं, हे दुकान काकांचंच.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी खुलासा करीन अशी अजूनही आशा होती त्यांना. माईक माझ्याच हातात होता. एक वाक्य पुरलं असतं. मी परदेशी पाहुण्यांचे आभार मानले.

जेवणं झाल्यावर काका माझ्याकडे आले. आता शिव्या घालतील, असं मला वाटलं. घाला हो एकदाच्या, असंही वाटलं.

"चवथ्या चारीवरचं शेवटचं घर," ते म्हणाले. "तो माणूस पंधरा दिसांमागं गेला. यादीतनं नाव काढा. आजच्या मेळाव्याचं पत्र मी परस्पर माघारी घेतलं. पुन्यांदा धाडू नका, लेकरं रडत्यात."

"काढतो काका," मी म्हणालो.

ऑफिसात माझ्या यादीचं कौतुक चाललं होतं, एकही नाव चुकीचं नाही म्हणून. त्या कौतुकात चूक दाखवायची माझी छाती झाली नाही. उद्या सांगू, परवा सांगू, असं करत राहिलो.

पेरणीच्या आधी पुन्हा सगळ्यांना पत्रं गेली. त्या घरीही गेलं. त्या माणसाला टोपणनावानं साद घालून, यंदा काय पेरणार म्हणून विचारलं होतं. खाली सही माझी होती, नव्या हुद्द्यासकट.