घाटातील सायकलस्वार आणि गाऱ्हाण्याची साथ

तीन आठवडे चालणारी ती परदेशी सायकल शर्यत मी सायंसंध्या आटोपून पाहू लागलो, त्यास कारण माझा मेव्हणा. इब्रामपुरात आमची घरे शेजारी. ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घालण्याचा मान त्याच्या घराण्याकडे आहे. तो गावासाठी मागणे मागतो आणि प्रत्येक मागण्यावर भावकी एकमुखाने 'व्हय म्हाराजा' म्हणते. मागच्या खेपेस त्याने गावाच्या कल्याणात स्वतःच्या बिघडलेल्या पाणपंपाचाही समावेश केला. भावकी गप्प राहिली. तेव्हापासून त्याने भावकीशी बोलणे टाकले, आणि यंदाचे गाऱ्हाणे आपण एकटाच घालू, साथही स्वतःच देऊ, असे जाहीर केले.

"शास्त्रात आधार आसा, भावोजी?" त्याने विचारले होते.

माझ्या पोथ्यांत मला ना विधी आढळला, ना निषेध. तेव्हा त्याने शर्यतच प्रमाण मानली. ज्याच्या विजयाची सर्वांना खात्री होती, त्या स्वाराचे सोबती कुणी पडून, कुणी तापाने, माघारी गेले होते.

"तो एकटो जिकलो, तर माकाय कोणाची गरज नाय."

सोबती पुढे राहून वारा अडवतात, पाणी आणून देतात, प्रसंगी स्वतःचे चाक काढून देतात, हे मी समजावले.

"वाऱ्याक आडोसो कित्याक? तो काय दिवो आसा?"

देवळातील वार्षिक उत्सवाच्या, म्हणजे गाऱ्हाण्याच्या, आदल्या सायंकाळी घाटाचा टप्पा होता. स्वार खरोखरच एकटा पुढे निघाला. मेव्हणा पाय पसरून बसला. इतक्यात स्वाराचे चाक पंक्चर झाले. संघाची मोटार कुठेतरी मागे अडकलेली, जवळ सोबती नाही. निकामी चाक हाती उंच धरून तो रस्त्याकडेला उभा राहिला, आणि प्रतिस्पर्धी आपल्या सोबत्यांसह शेजारून निघून गेला.

मेव्हणा उठला, टोपी नीट केली आणि दूरदर्शनसमोर हात जोडले. "बा देवा म्हाराजा, ह्या परमुलखातल्या लेकराक चाक मेळू दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो. स्वयंपाकघरातून, खोबरे खवता खवता, माझी पत्नीही म्हणाली.

मेव्हणा थबकला. "दोगांच्या साथीन देव हलाचो नाय." आणि वहाणा न घालताच तो भावकीच्या अंगणात गेला. मी मागोमाग.

"परत पंप काय रे?" थोरल्या चुलत्यांनी विचारले.

"नाय. चाक."

"कोणाचा?"

"परक्याचा."

परक्यासाठी मागणे, म्हणून भावकीस आक्षेप उरला नाही. सारे येऊन आमच्या माजघरात उभे राहिले. गाऱ्हाणे मध्येच सुरू करता येत नाही. ते सीमेवरच्या देवांपासून, क्रमाने, पुन्हा आरंभले गेले. चाकापर्यंत पोहोचेतो स्वाराला केव्हाच चाक मिळाले होते, त्या दिवसाची शर्यत मात्र त्याच्या हातून गेली होती, आणि पडद्यावर दुसराच कुणी पुष्पगुच्छ स्वीकारत होता. तरीही मागणे अर्धवट सोडायचे नसते. त्या हरलेल्या माणसासाठी इतके खणखणीत 'व्हय म्हाराजा' त्याच्या देशातही झाले नसेल.

मेव्हणा हात खाली घेऊ लागला. थोरले चुलते म्हणाले, "थांब. आता पंपाचाय सांगान टाक. फाल्यां उत्सवाक देवळात परत काडू नको."

त्याने डोळे मिटून पंपाचे सांगितले.

"व्हय म्हाराजा," सर्वजण म्हणाले.