एका बटेची चाचणी

माझ्या मावशीचे केस इतके कुरळे की कंगवा घातला की तो आत हरवायचा. आणि नोकरी कुठे, तर केस सरळ करून देणाऱ्या पार्लरमध्ये!

एकदा मालकिणीने भर दुपारी, गिऱ्हाइकांसमोरच सुनावलं, "तुझं डोकं बघून लोकांचा विश्वास उडतो. केस सरळ कर, नाहीतर खुर्ची सोड."

खिडकीजवळची ती खुर्ची मावशीचा जीव की प्राण. तरी ती शांतपणे आरशासमोर बसली. "करा. पण आधी एका बटेवर चाचणी. तुमचाच नियम आहे."

मालकिणीने कानामागची एक बट घेतली. औषधाचा उग्र वास सुटला. तो गंधकाचा, मावशी आम्हाला नेहमी सांगायची. केस म्हणजे प्रथिनांच्या लांब साखळ्या, आणि साखळीची एकेक कडी म्हणजे अमिनो आम्ल. त्यातल्या सिस्टीन नावाच्या कडीत गंधक असतं. शेजारच्या साखळीतल्या सिस्टीनला ती घट्ट धरून ठेवते, म्हणून केसाचं वळण टिकतं. पहिलं औषध ही पकड सोडवतं, मग केस ताणून सरळ करायचा, आणि दुसरं औषध लावलं की त्या सरळ आकारातच पुन्हा पकड बसते.

बट सुतासारखी सरळ झाली. मावशीने ती आरशात नीट न्याहाळली आणि गळ्याभोवतीचा टॉवेल सोडला.

"झाली चाचणी. नाही आवडली."

"मग निघ!"

मावशीने आपली कात्री उचलून पिशवीत टाकली. तेवढ्यात बाकावर थांबलेल्या एक आजीबाई उठल्या. "ही जाईल तिथे मी येणार. माझे केस हिच्याशिवाय कोणाला कापता येत नाहीत." त्यांच्या मागे आणखी दोघी उठल्या. मालकिणीचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. "बस बाई, बस," ती पुटपुटली.

मला आजही मावशीचा अभिमान वाटतो, कारण आजीबाई उठतील हे तिला ठाऊक नव्हतं. ती निघालीच होती.

काही महिन्यांनी ती बट मुळाकडून वाढली, अर्थातच कुरळी. खाली सरळ, वर वेटोळी, असं ते विचित्र ध्यान बघून मालकीण म्हणाली, "निदान तेवढं टोक तरी काप."

"राहू द्या," मावशी म्हणाली. "तुमचं औषध कुठे संपलं आणि मी कुठून सुरू झाले, ते दिसू दे लोकांना."